टॉवर डंपच्या रिटमध्ये अमेरिकेतल्या सर्किट कोर्टांचे निकाल जोडावेत का?

सुदामानगरची_वकील (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी इंदूरला वकिली करते. बहुतेक काम जिल्हा न्यायालयात, आणि अधूनमधून सीनियरांबरोबर एमजी रोडला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात. सध्या एक रिट, म्हणजे हक्क मोडल्याबद्दल उच्च न्यायालयात करायची याचिका, तयार करते आहे आणि त्यावरून सीनियरांचं आणि माझं जुळत नाहीये. इथे कायद्यातले आणि कायद्याबाहेरचे, दोन्ही जाणते लोक आहेत, म्हणून विचारते.

प्रकरण असं. देवास नाक्याकडच्या एका गोदामात रात्री चोरी झाली. पोलिसांनी त्या भागातला टॉवर डंप मागवला, म्हणजे त्या वेळात तिथल्या टॉवरवर लागलेल्या सगळ्या मोबाईल नंबरांची यादी. माझा पक्षकार घरोघरी जेवण पोचवणारा मुलगा. ऑर्डर तयार व्हायची वाट बघत एका ढाब्याबाहेर गाडी लावून उभा होता. यादीत त्याचा नंबर निघाला. पूर्वी एका मारामारीच्या केसमध्ये त्याचं नाव होतं, त्यातून तो निर्दोष सुटलाय. एवढ्यावर त्याला ठाण्यात बोलावलं. नोटीस नाही, अटक दाखवली नाही. सकाळी बोलवायचं, रात्री उशिरा सोडायचं, दुसऱ्या दिवशी परत. विचारलं की टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रभारी निरीक्षक, सांगायचे, पूछताछ चालू आहे. फोन ठेवून घेतला होता. फोन नाही तर ऑर्डर नाही, आणि थोड्या दिवसांनी कंपनीनं त्याची आयडीच बंद केली. पुढे खरे चोर सापडले, चालान (आरोपपत्र) पेश झालं. त्यात ह्याचं नाव साक्षीदार म्हणूनसुद्धा नाही. कागदावर बघाल तर ह्या मुलाच्या बाबतीत काही घडलेलंच नाही.

त्याच्या मागण्या दोन. बुडालेली कमाई मिळावी, आणि पोलिसांकडच्या त्या यादीतून त्याचा नंबर निघावा. दुसरी मागणी मी सुचवलेली नाही, ती त्याची स्वतःची. म्हणाला, "मॅडम, उद्या त्या टॉवरखाली परत काही झालं तर परत मलाच उचलतील."

ह्यावर वाचत वाचत मी अमेरिकेपर्यंत गेले, कारण अगदी ह्याच प्रश्नावर तिथल्या दोन फेडरल अपील कोर्टांची (तिकडे त्यांना सर्किट म्हणतात) तोंडं दोन दिशांना गेली. पाचव्या सर्किटचा निकाल युनायटेड स्टेट्स विरुद्ध स्मिथ, ऑगस्ट २०२४ चा. टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी ही तीन राज्यं ह्या कोर्टाखाली येतात. मिसिसिपीत २०१८ साली टपाल नेणाऱ्या एका ट्रकचालकाला मारहाण करून लुटलं. आरोपी सापडेनात, तेव्हा टपाल खात्याच्या तपासनीसांनी न्यायाधीशाकडून वॉरंट घेऊन गूगलला विचारलं की त्या वेळी नकाशावरच्या ठरावीक चौकोनात कोणते फोन होते. ह्याला तिकडे जिओफेन्स वॉरंट म्हणतात. उत्तर शोधायला गूगलला ५९ कोटी २० लाख खाती चाळावी लागली. कोर्टानं स्वच्छ सांगितलं की आधी सगळ्यांची झडती घ्यायची आणि त्यातून संशयित शोधायचा, असलं सरसकट वॉरंट त्यांच्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीला (ती सरकारच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण देते) मुळातच मान्य नाही.

आणि एवढं म्हणून आरोपींची शिक्षा मात्र कायम ठेवली. कारण काय, तर २०१८ मध्ये हे तंत्र नवीन होतं, तपासनीसांनी सल्ला घेऊन सद्हेतूनं वॉरंट मिळवलं होतं, म्हणून पुरावा बाद करायचा नाही.

दुसरा निकाल चौथ्या सर्किटचा, व्हर्जिनियाकडचा, चॅट्री प्रकरणातला. २०१९ मध्ये एका क्रेडिट युनियनवर (पतसंस्थेसारखी बँक) दरोडा पडला, १ लाख ९५ हजार डॉलर गेले. तिथल्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं जुलै २०२४ मध्ये दोन विरुद्ध एक मतानं सांगितलं की दोन तासांची माहिती, तीही माणसानं आपणहून गूगलला दिलेली, ती मागणं म्हणजे झडतीच नाही. मग पूर्ण पीठ बसलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये एकाच वाक्यात पुरावा बाद न करण्याचा खालच्या कोर्टाचा आदेश कायम केला. त्या वाक्यापाठोपाठ न्यायाधीशांची आपापली लांबलचक मतं आहेत, एकमेकांशी न जुळणारी.

नुकसानभरपाईच्या बाजूला बघायला गेले तर तिथेही तेच. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोमध्ये झडतीच्या वेळी पोलिसांनी २ लाख ७६ हजार डॉलरांची रोकड आणि जुनी नाणी लांबवली, असा दोन माणसांचा आरोप होता. २०१९ मध्ये नवव्या सर्किटनं म्हटलं की हे वाईट आहे हे पोलिसांना समजायलाच हवं होतं, पण अशी चोरी हा घटनेचा भंग आहे असं स्पष्ट सांगणारा निकाल त्या वेळी नव्हता. क्वालिफाइड इम्युनिटी, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांना भरपाईच्या दाव्यापासून मिळणारं संरक्षण, लागू, दावा संपला.

सीनियरांचं म्हणणं, परदेशी निकाल जोडून फाईल जाड होते, न्यायमूर्तींचा वेळ जातो, आणि सरकारी वकील स्मिथचंच शेवटचं पान उघडून आपल्याविरुद्ध वाचेल. मला वाटतं, ५९ कोटी खात्यांचा तो परिच्छेद खंडपीठानं वाचावा. इथे तर न्यायाधीशाचं वॉरंटसुद्धा लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ठाण्याचा प्रभारी अधिकारीच लिहून माहिती मागवू शकतो.

म्हणून प्रश्न दोन. हे निकाल जोडावेत का? आणि हक्क मोडला असं कोर्टानं मान्य करायचं, पण समोरच्या माणसाला काही द्यायचं नाही, हे तिकडचे लोक कसं मान्य करतात? दुसरा प्रश्न रिटसाठी नाही, माझ्यासाठी आहे.

सियागंजवाला

ताई, मी दुकानदार, कायद्यातलं काही समजत नाही. पण आमच्या गल्लीत शटर तोडून माल नेला होता तेव्हा चोर मोबाईलच्या यादीवरूनच सापडला. माल अर्धा तरी परत आला. त्या मुलाचं वाईट झालं हे मान्य, त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. पण यादी मागवायचीच नाही असा हुकूम आणलात तर आमच्यासारख्यांनी कुठे जायचं? एवढं डोक्यात ठेवून लिहा.

निवृत्त_दूरसंचार (राजेंद्रनगर, इंदूर)

कायद्याचं इतर लोक सांगतील, मी टॉवरचं सांगतो. नोकरी त्यातच गेली.

टॉवरवर साधारण तीन दिशांना अँटेना असतात, प्रत्येकीचा पट्टा सुमारे १२० अंशांचा. दाट वस्तीत एका टॉवरचा आवाका काहीशे मीटर, मोकळ्या भागात काही किलोमीटर. शिवाय फोन सर्वांत जवळच्या टॉवरलाच लागेल असं नसतं. गर्दी असली, मध्ये मोठी इमारत आली तर लांबच्याला लागतो. म्हणजे यादीत नंबर आहे ह्याचा अर्थ माणूस गोदामापाशी होता असा होत नाही. तो त्या पट्ट्यात कुठेतरी होता, एवढंच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कंपनीकडे टिकणारी नोंद कॉलची, एसएमएसची, डेटा वापराची असते. फोन खिशात नुसता पडून असला तर नोंदी कमी. डिलिव्हरीवाल्या मुलाचं ॲप सतत चालू, सतत डेटा. टॅक्सीवाले, रात्रपाळीचे चौकीदार व्हिडिओ बघत बसतात, त्यांचंही तेच. ज्याचं पोट चालू फोनवर आहे तो प्रत्येक डंपमध्ये येणार. आणि घरी फोन ठेवून निघालेला चोर येणार नाही. हे रिटमध्ये जरूर घाला, कारण ही यादी सगळ्यांना सारखी लागत नाही.

आणि हे मागा: पोलिसांनी कंपनीला लिहिलेल्या पत्रात कोणते सेल आयडी (एकेका अँटेनाच्या पट्ट्याचा क्रमांक) होते आणि वेळ कुठून कुठपर्यंत होती. एका पट्ट्याची एक तासाची यादी आणि चार टॉवरांची पूर्ण रात्रीची यादी ह्यात फार मोठा फरक आहे.

रामबागचा_ह्यूस्टनमध्ये

मूळचा रामबागचा, आता ह्यूस्टनमध्ये फौजदारी बचावाच्या वकिलांकडे कागदपत्रांचं काम करतो. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण तो मलाही छळतो.

इथे दोन वेगळ्या वाटा आहेत. आरोपीला पुरावा बाद करून हवा असेल तर आडवा येतो १९८४ चा लिऑन निकाल: पोलिसांनी वॉरंटवर सद्हेतूनं विसंबून काम केलं असेल तर वॉरंट सदोष ठरलं तरी पुरावा राहतो. ज्याला भरपाई हवी तो १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली दावा लावतो, आणि त्याला आडवी येते क्वालिफाइड इम्युनिटी. हक्क "स्पष्टपणे प्रस्थापित" होता असं दाखवावं लागतं, म्हणजे जवळपास तशाच घटनेवरचा जुना निकाल दाखवावा लागतो. त्यात २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पिअर्सन प्रकरणात अपील कोर्टांना मोकळीक दिली की हक्क मोडला का हे ठरवायची गरज नाही, थेट "तेव्हा प्रस्थापित होता का" हे बघून दावा फेटाळता येईल. परिणाम काय होतो बघा. आज ठरवलं नाही, म्हणून उद्याच्या माणसालाही दाखवायला जुना निकाल नाही. पाचव्या सर्किटचे न्यायमूर्ती विलेट ह्यांनी ह्यावर कडक लिहिलं आहे: नाणं कसंही पडलं तरी सरकारच जिंकतं.

माझ्या शहरातली एक केस सांगतो, बार्न्स विरुद्ध फेलिक्स. एप्रिल २०१६. भाड्याच्या गाडीवर टोल थकल्याची नोंद, म्हणून ह्यूस्टनजवळ हायवेवर पोलिसानं गाडी थांबवली. बोलणं चालू असताना गाडी पुढे सरकली, पोलीस दाराच्या पायरीवर चढला आणि गोळ्या झाडल्या. गाडी हलून थांबेपर्यंत सगळे मिळून पाच सेकंद. २४ वर्षांचा तरुण तिथेच गेला. पाचव्या सर्किटचा नियम असा होता की गोळी झाडायच्या नेमक्या क्षणी पोलिसाला धोका होता का, एवढंच पाहायचं. तो धोका त्यानं स्वतः पायरीवर चढून ओढवला का, ते पाहायचंच नाही. त्या नियमानं त्याच्या आईचा दावा जानेवारी २०२४ मध्ये गेला.

त्या निकालपत्रात एक गोष्ट आहे जी मी दर वेळी लोकांना दाखवतो. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिगिनबॉथम ह्यांनी स्वतःच्याच निकालाला स्वतःचं वेगळं मत जोडलं: आमच्या सर्किटचा जुना नियम मला बांधून ठेवतो म्हणून असा निकाल देतोय, पण हा नियम चुकीचा आहे, सुप्रीम कोर्टानं तो मोडावा. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो एकमतानं मोडला. आधीपासूनची सगळी परिस्थिती पाहावी लागेल, असं न्यायमूर्ती केगन ह्यांनी लिहिलं आणि केस परत पाठवली. मुलगा गेल्याला तेव्हा नऊ वर्षं होऊन गेली होती.

लोक कसं मान्य करतात असं विचारलंत. सगळे करत नाहीत. पण ज्या न्यायाधीशाला ते पटत नाही तो ते निकालपत्रात लिहून ठेवतो, आणि वरचं कोर्ट कधीतरी ते वाचतं. स्मिथ जोडायचा तर मला वाटतं पूर्ण जोडा, शेवटच्या पानासकट. लपवलं तर समोरचा उघडणारच.

जाता जाता, गूगलनं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की ही ठिकाणांची नोंद आता लोकांच्या फोनवरच राहील, कंपनीच्या सर्व्हरवर नाही. म्हणजे तिथे जिओफेन्सला खरा लगाम बऱ्याच अंशी कंपनीनं घातला, कोर्टं अजून वाद घालत होती. टॉवर डंपला तसं होणार नाही, टॉवरला नोंद ठेवावीच लागते.

लष्करकर (ग्वाल्हेर)

मी ग्वाल्हेरला राहतो, न्यायिक सेवेतून निवृत्त. पोरी, तुझा मसुदा मी पाहिलेला नाही, पण तुझा प्रश्न वाचून आनंद झाला. सीनियरांशी भांडू नकोस, त्यांचं अर्धं बरोबर आहे.

अमेरिकेपर्यंत जायच्या आधी आपल्याच राज्यात थांब. गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७५. पोलिसांनी एका माणसाची हिस्ट्रीशीट (सराईत गुन्हेगार म्हणून नोंद) उघडली, पाळत ठेवली, रात्री-अपरात्री घरी जाऊन चौकशी करत. त्यानं मध्य प्रदेश पोलीस विनियमांतल्या ८५५ आणि ८५६ ह्यांना आव्हान दिलं. न्यायमूर्ती मॅथ्यू ह्यांनी त्यात ग्रिसवॉल्ड, रो असे अमेरिकी निकाल तपासले आणि खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेत असू शकतो, त्यावर बंधन घालायला राज्याकडे तसंच भक्कम कारण हवं, ह्या दिशेनं विचार मांडला. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी ह्या गोविंद प्रकरणाची सविस्तर चर्चा केली आहे. तेव्हा परदेशी निकाल वाचायचेच नाहीत हे म्हणणं टिकत नाही. ते बंधनकारक नाहीत, युक्तिवाद पटला तर घ्यायचा. मुंबई उच्च न्यायालयाचा निकालही आपल्या खंडपीठाला बांधत नाही, तरी आपण रोज वाचतोच ना.

पण हेही बघ. गोविंदची याचिका फेटाळली गेली. विनियम टिकले. न्यायालयानं तत्त्व मांडलं आणि त्या माणसाच्या दारावरची थाप चालू राहू शकत होती. तू अमेरिकेबद्दल जे विचारतेस ते आपल्याकडेही आहे. पुराव्याचं तर आपलं आणखी कडक: पूरनमल, १९७४, बेकायदा झडतीत मिळालेला पुरावासुद्धा केवळ तेवढ्या कारणानं बाद होत नाही. स्मिथमधले आरोपी इथे असते तर सद्हेतूचा प्रश्नच निघाला नसता.

आपल्या बाजूला काय आहे, तर भरपाई. रुदुल साह, १९८३: निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं तुरुंगात ठेवलेला माणूस, सर्वोच्च न्यायालयानं रिटमध्येच सरकारला पैसे द्यायला लावले. नीलाबती बेहेरा, १९९३: कोठडीत मुलगा गेला, आईला दीड लाख. तिथे मूलभूत हक्क मोडल्याबद्दल रिटमध्ये राज्य थेट जबाबदार धरलं गेलं; राज्याला आपल्या अधिकाऱ्यामागे लपता येत नाही. ह्या बाबतीत आपल्या न्यायालयांनी अमेरिकेच्या पुढे पाऊल टाकलं आहे आणि ते तुला अभिमानानं वाचता येईल.

आता कामाचं. तुझं सर्वांत बळकट म्हणणं टॉवरबद्दल नाही, ठाण्याबद्दल आहे. नोटीस नाही, अटक नाही, तरी दिवसभर बसवून ठेवणं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहण्याची लेखी नोटीस का नाही, हे विचार. डी. के. बसू वाच, अटक करताना पोलिसांनी काय पाळायचं ते सांगणारा निकाल. आणि सर्वांत आधी: परमवीर सिंह सैनी, डिसेंबर २०२०. ठाण्यात सीसीटीव्ही बंधनकारक आणि चित्रण १८ महिने जपायचं, सोय नसेल तर निदान एक वर्ष. ते चित्रण आहे तोवर तुझ्या पक्षकाराची हजेरी कागदाशिवाय सिद्ध होते. ते पुसलं गेलं तर एका बाजूला त्याचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला कोरा रोजनामचा, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही.

यादीतून नंबर काढायच्या मागणीला २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा धर. ठसे वगैरे ७५ वर्षं ठेवायची सोय त्यात आहे, पण खटल्याविना सोडलेल्या किंवा निर्दोष सुटलेल्या, आधी शिक्षा न झालेल्या माणसाच्या नोंदी नष्ट करायचंही त्यातच आहे, दंडाधिकाऱ्यानं कारण लिहून वेगळा आदेश दिला नसेल तर. मोबाईलची यादी त्या कायद्यात येत नाही. तरी संसदेनं ज्याला तत्त्व म्हणून मान्यता दिली ते इथे का नको, असं विचार.

सुदामानगरची_वकील (इंदूर)

काका, गोविंद मी कॉलेजात पुट्टस्वामीतला एक परिच्छेद म्हणून वाचला होता. काल रात्री मूळ निकाल काढून पूर्ण वाचला. आपल्याच पोलीस विनियमांवरचा निकाल आहे आणि खंडपीठात उभं राहून तो पहिला वाचायचा, हे ठरलं. सीनियरांनाही सांगितलं, ते लगेच हो म्हणाले.

सियागंजच्या दादांना सांगायचं ते हे, की यादी मागवूच नये असं मी मागणार नाही. उलट तुमच्या पोस्टनंतर चॅट्रीचा निकाल परत काढला. तो माझ्या विरुद्ध आहे, पण त्यात वॉरंट कसं चाललं ते बघा: १५० मीटरचं वर्तुळ, एक तासाची वेळ, पहिल्या टप्प्यात १९ खाती आणि तीही नावांशिवाय. त्यातून छाटत छाटत शेवटी तिघांचीच ओळख मागितली. दरोडेखोर सापडला. बाकीच्या सोळा जणांची नावं पोलिसांपुढे आलीच नाहीत. मला इथे एवढंच हवंय: डंप मागवायचा तर दंडाधिकाऱ्यापुढे कारण लिहून, पट्टा आणि वेळ ठरवून मागवा, आधी नुसते नंबर, ओळख नंतर, आणि चालान पेश झालं की ज्यांचा संबंध नाही त्यांचे नंबर नष्ट करा. तुमचा चोर ह्यातूनही सापडला असता.

राजेंद्रनगरच्या काकांचा डेटावाला मुद्दा याचिकेत स्वतंत्र परिच्छेद म्हणून घेतेय, अनुच्छेद १४ (समानतेचा हक्क) खाली. डिलिव्हरीची मुलं, टॅक्सीवाले, चौकीदार प्रत्येक यादीत येणार, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. पक्षकाराला विचारलं तर म्हणाला, ॲप बंद केलं की रेटिंग पडतं, म्हणून शिफ्टभर चालूच असतं. त्याच्याकडून तसं शपथपत्र घेते.

स्मिथ पूर्ण जोडणार, शेवटच्या पानासकट. सरकारी वकिलांनी ते वाचलं तर माझं उत्तर तयार आहे: तिथे निदान न्यायाधीशाच्या सहीवर विसंबले होते, इथे कोणाच्या सहीवर विसंबले ते दाखवा.

रामबागचा_ह्यूस्टनमध्ये

हे उत्तर चांगलं आहे. स्मिथच्या पूर्ण निकालाची प्रत पाठवतो, पान क्रमांकांसकट, म्हणजे कोर्टात शोधत बसावं लागणार नाही.

लष्करकर (ग्वाल्हेर)

चित्रणाचं काय केलंस?

सुदामानगरची_वकील (इंदूर)

आज सकाळी जपून ठेवण्याचं पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं, ठाण्याला आणि वर पोलीस आयुक्तालयाला, तारखा आणि वेळा घालून. माहिती अधिकाराचा अर्जही वेगळा लावला. रिटमध्ये अंतरिम मागणी तीच पहिली ठेवली आहे. पहिल्या पेशीला काय होतं ते इथेच लिहीन.